मालाडचा जर्मन दिग्दर्शक : फ्रान्झ ओस्टेन

आमचे वडगाव हे विणकरांचे गाव. आज ते बेळगाव शहरात पुरते मिसळून गेले असले तरी माझ्या लहानपणी गल्लीत शिरले की मागाचा आवाज आधी कानी पडे आणि माणसे मागाहून दिसत. माझी आजी सोप्यात रहाटावर कांड्या भरत बसे. हात चालू असताना ती एक हिंदी गाणे गुणगुणत असे. रानपाखराचे ते गाणे ‘अछूत कन्या’ या बोलपटातले. बारा-तेरा वर्षांची असताना तिने तो बेळगावात पाहिला होता. देविकाराणी आणि अशोककुमार एवढी दोन नावे तिला ठाऊक होती. शेवटी कस्तुरी आगगाडीखाली मरते, तो प्रसंग सांगताना म्हातारपणीही तिचे डोळे भरून येत.

हा बोलपट कोणी दिग्दर्शित केला, असे आजीला कोणी विचारले नाही आणि तिला सांगताही आले नसते. मी स्वतः तो प्रथम पाहिला तो प्राध्यापकी पत्करल्यानंतर. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून फ्रान्झ ओस्टेन हे नाव आले आणि मी चमकलो. आपल्या खेड्यातल्या शिवाशिवीची ही कथा, ज्याला हिंदीचे चार शब्दही धड येत नव्हते अशा एका जर्मन माणसाने पडद्यावर आणली, हे मला तोवर माहीत नव्हते. पुढे या माणसाविषयी जे जे मिळाले ते वाचीत गेलो. त्यातली एक गोष्ट वाचून मात्र मनाला जो चटका बसला तो आजही गेलेला नाही. ती योग्य जागी सांगेन. आधी चरित्र.

फ्रान्झ ओस्टेन यांचे मूळ आडनाव ओस्टरमायर. जन्म २३ डिसेंबर १८७६, दक्षिण जर्मनीतील म्युनिक शहरी. वडील छायाचित्रकार होते. फ्रान्झ हेही तोच धंदा शिकले. मध्यंतरी नट होण्याची हौसही त्यांनी करून पाहिली. १९०७ च्या सुमारास त्यांनी व त्यांचे बंधू पीटर यांनी फिरता सिनेमा काढला. यंत्र, पडदा आणि फिती घेऊन गावोगाव जायचे आणि खेळ करायचे. आपल्याकडे जत्रेत तंबूतला सिनेमा येत असे, तसाच हा प्रकार. पुढे पीटर निर्माते झाले आणि फ्रान्झ दिग्दर्शक. बंधूंच्या नावाशी घोटाळा नको म्हणून की काय, त्यांनी आडनाव तोडून ‘ओस्टेन’ एवढेच ठेवले. पहिल्या महायुद्धाने मध्येच खंड पाडला. ओस्टेन युद्धाच्या आघाडीवर गेले, परत आले, आणि म्युनिकजवळच्या गाइझलगास्टाइग येथील एमेल्का या चित्रसंस्थेत शेतकरी जीवनावरचे मूकपट काढू लागले. डोंगराळ खेडी, जमिनीची भांडणे, घराण्याची अब्रू, फसलेली प्रेमे असे त्यांचे विषय. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे मालाडला बसून त्यांनी जी खेडी उभी केली त्यांची उजळणी या बव्हेरियातल्या खेड्यांत झाली होती.

त्यांच्या आयुष्याला कलाटणी दिली ती एका बंगाली तरुणाने. हिमांशू राय कायदा शिकण्यासाठी लंडनला गेले आणि नाटकात रमले. तेथेच त्यांची निरंजन पाल यांच्याशी गाठ पडली. लाल-बाल-पाल या त्रयीतील बिपिनचंद्र पाल यांचे हे चिरंजीव. दोघांच्या मनात आले की, हिंदुस्थानची कथा हिंदुस्थानी नटांनी हिंदुस्थानातच उभी करावी आणि ती जगाला दाखवावी. त्यासाठी यंत्रे हवीत, तंत्रज्ञ हवेत. राय १९२४ साली म्युनिकला गेले आणि पीटर ओस्टरमायर यांच्याशी त्यांचा करार झाला. कॅमेरे, छायालेखक व दिग्दर्शक जर्मनांनी द्यायचे. भांडवल, कथा, नट आणि स्थळे हिंदी मंडळींनी द्यायची. दिग्दर्शक म्हणून पीटर यांनी आपल्या भावालाच पाठविले.

मार्च १९२५ मध्ये ओस्टेन मुंबईच्या बंदरात उतरले. सोबत विली कीरमायर व योझेफ विर्शिंग हे दोन छायालेखक होते. हा काळ आपल्या भागाच्या दृष्टीनेही मोठ्या घडामोडींचा. त्याच्या आदल्याच डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, आणि एप्रिल १९२५ मध्ये निपाणीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत बहिष्कृत वर्गाची परिषद झाली. म्हणजे ओस्टेन जहाजातून उतरून राजस्थानच्या वाटेला लागले त्याच सुमारास, पुढे ज्या प्रश्नावरच्या बोलपटाने ते हिंदुस्थानभर पोहोचले तो प्रश्न निपाणीत चर्चिला जात होता. त्यांना याची वार्ताही नसणार.

त्यांचा पहिला हिंदी मूकपट म्हणजे ‘लाइट ऑफ एशिया’, आपल्याकडे ‘प्रेम संन्यास’. एडविन अर्नोल्ड यांच्या बुद्धचरित्रावरील काव्यावर तो आधारलेला होता. हिमांशू राय स्वतः गौतम झाले आणि सीतादेवी हे नाव धारण केलेली एक कोवळ्या वयाची अँग्लो-इंडियन मुलगी गोपा झाली. चित्रीकरण खऱ्या वाड्यांतून, मंदिरांतून आणि रस्त्यांवरून, सूर्यप्रकाशात केले. जयपूरच्या संस्थानाने हत्ती, घोडे, माणसे यांची मदत केली. ऑक्टोबर १९२५ मध्ये म्युनिकला त्याचा पहिला खेळ झाला. लंडनला तो कित्येक महिने चालला आणि विंडसर येथे तो खुद्द इंग्लंडच्या राजापुढे दाखविण्यात आला. गंमत अशी की, युरोपात इतका गाजलेला हा मूकपट आपल्या देशात पैशाच्या दृष्टीने फारसा चालला नाही. आपल्याच बुद्धाची कथा पाहायला आपण गेलो नाही, याचे कारण मला असे दिसते की, तो मूकपट आपल्यासाठी काढलेलाच नव्हता. हत्ती, राजवाडे, साधू आणि भिक्षेकरी यांचा जो देश युरोपाला पाहायचा होता तोच त्यात अधिक होता.

त्यानंतर ‘शिराज’ (१९२८) आणि ‘प्रपंच पाश’ (१९२९) आले. पहिल्यात ताजमहालाची कल्पित कथा, दुसऱ्यात महाभारतातील द्यूताच्या आधाराने रचलेली दोन राजांची चढाओढ. दुसऱ्यासाठी हजारो माणसे व घोडे जमविले होते आणि जयपूर, उदयपूर व म्हैसूर या राजघराण्यांचे साहाय्य मिळाले होते. कर्नाटकाचा हातभार असा त्यालाही लागला. या मूकपटाच्या सजावटीच्या कामात एक तरुणी होती. रवींद्रनाथांच्या नात्यातली, लंडनला शिकलेली, नाव देविकाराणी. तिचा व हिमांशू राय यांचा विवाह १९२९ साली झाला.

याच वर्षांत आमच्या शेजारी कोल्हापुरात काय चालले होते ते येथे सांगावेसे वाटते. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी भरात होती. सुतार-लोहारकाम करणाऱ्या घरात वाढलेल्या या कलावंताने यंत्रशाळेची पायरीही न चढता स्वतःचा कॅमेरा घडविला होता. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी कर्जात बुडालेला शेतकरी दाखविला. म्हणजे ज्या वर्षी ओस्टेन राजवाडे टिपत होते त्याच वर्षी पेंटर झोपडी टिपत होते. पुढे १९३३ साली व्ही. शांताराम ‘सैरंध्री’च्या रंगांसाठी जर्मनीला गेले. जर्मन माणूस इकडे येतो आणि कोल्हापूरचा माणूस तिकडे जातो, अशी ही देवाणघेवाण होती. भाषेचे बंधही तेव्हा आजच्याइतके आवळलेले नव्हते. कन्नडचा पहिला प्रदर्शित बोलपट ‘सती सुलोचना’ (१९३४) कोल्हापुरातच तयार झाला. आमच्या मासिकाची मराठी व कन्नड ही दोन्ही पाने उलटणाऱ्या वाचकांनी हे अवश्य लक्षात ठेवावे.

बोलपट आला आणि सारा खेळ बदलला. ‘शिराज’सारखे मूकपट जगभर फिरत, कारण भाषेचा प्रश्न नव्हता. आता कोणत्या भाषेत बोलायचे ते ठरविणे भाग पडले. राय दांपत्य काही काळ जर्मनीतच होते. देविकाराणींनी बर्लिनच्या प्रसिद्ध ऊफा चित्रसंस्थेत धडे घेतले. पण जर्मनीतील वारे फिरले. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. राय परतले आणि १९३४ साली त्यांनी मुंबईबाहेर मालाड येथे बॉम्बे टॉकीज ही संस्था उभी केली. शेठ फ. ए. दिनशा यांच्या बंगल्याच्या आवारात कलागृह, प्रयोगशाळा, संकलनाच्या खोल्या बांधल्या. सर चिमणलाल सेटलवाड यांच्यासारखी वजनदार माणसे संचालक मंडळावर होती. जर्मनीहून मंडळी बोलाविली. ओस्टेन दिग्दर्शनाला, विर्शिंग कॅमेऱ्याला, कार्ल फॉन श्प्रेटी नेपथ्याला आणि विल्हेल्म त्सोले प्रयोगशाळेला.

ओस्टेन यांचे वय आता अठ्ठावन्न होते. या वयात आपल्याकडचा सरकारी नोकर निवृत्तीवेतनाचे कागद जमवितो. हा माणूस मात्र परमुलखात, परभाषेत पुन्हा आरंभ करावयास आला. १९३५ ते १९३९ या अवधीत त्यांनी पंधराच्या आसपास बोलपट केले. वर्षाला तीन-चार बोलपट याचा अर्थ कारखान्यासारखे काम. निरंजन पाल कथा इंग्रजीत लिहीत. जे. एस. कश्यप संवाद हिंदीत करीत. सरस्वतीदेवी हे नाव घेतलेल्या एक पारशी बाई संगीत देत. ओस्टेन इंग्रजी संहिता हातात घेऊन उभे राहत. शब्द त्यांना कळत नसे. पण बोलणाऱ्याचा चेहरा, थांबणे, वळणे हे कळत असे. नाटकी हातवारे आणि गडगडाटी पल्लेदार भाषणे यांचा आपल्या रंगभूमीवर जो सुकाळ होता त्याला या कलागृहात फारसा वाव नव्हता. विर्शिंग प्रकाश इतका मऊ पाडीत की देविकाराणींच्या चेहऱ्यावरची बारीक हालचालही बोलकी होई. मूकपटाच्या शाळेत शिकलेल्या माणसांचा हा गुण. भाषा न येणे ही उणीव खरीच. संवादांतला पुस्तकीपणा त्यामुळे तसाच राहून जाई. पण तिच्यातूनच त्यांना डोळ्यांनी ऐकण्याची सवय लागली असावी.

या संस्थेच्या दुसऱ्याच बोलपटाच्या वेळी एक विलक्षण प्रसंग घडला. ‘जीवन नैया’चा नायक नजमुल हुसेन आणि देविकाराणी कलागृह सोडून निघून गेले. पुढे समेट होऊन त्या परत आल्या, पण नायकाची जागा रिकामी झाली. हिमांशू राय यांनी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कुमुदलाल गांगुली नावाच्या तरुणाला उभे केले. ओस्टेन यांनी त्याला पाहून, जबडा फार रुंद आहे, हा नट होणार नाही, असा अभिप्राय दिला. ही आठवण त्या तरुणाने स्वतःच पुढे अनेकदा हसत हसत सांगितली. तोच अशोककुमार. दिग्दर्शकाचा अंदाज पार चुकला. पण त्याच दिग्दर्शकाच्या हाताखाली तो तरुण कॅमेऱ्यापुढे हळू आवाजात, घरात बोलावे तसे बोलावयास शिकला, हेही तितकेच खरे.

आता ‘अछूत कन्या’. साल १९३६. एका आडगावच्या रेल्वे फाटकावर दुखिया नावाचा हरिजन पहारेकरी आहे. गावातला ब्राह्मण वाणी मोहन याला साप चावतो तेव्हा दुखिया विष चोखून त्याचे प्राण वाचवितो. दोन घरांचा स्नेह जडतो. वाण्याचा प्रताप आणि फाटकवाल्याची कस्तुरी एकत्र वाढतात, एकमेकांवर प्रेम करतात. लग्न मात्र होऊ शकत नाही. आजारी दुखियाला मोहन आपल्या घरात आणून ठेवतो तेव्हा गाव त्याच्यावर चालून येते आणि घर पेटविते. दोघांची लग्ने आपापल्या जातीत होतात. गैरसमज वाढतात. अखेर फाटकावरच प्रताप व कस्तुरीचा नवरा यांची झटापट जुंपते, गाडी येत असते, आणि गाडी थांबविण्यासाठी धावलेली कस्तुरी तिच्याखाली सापडते. फाटकापाशी तिचे स्मारक उभे राहते.

काळाचा विचार केला म्हणजे या कथेचे धाडस कळते. ऑक्टोबर १९३५ मध्ये येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली होती. १९३६ मध्ये जातिसंस्थेवरचा त्यांचा इंग्रजी प्रबंध प्रसिद्ध झाला होता. अशा वेळी ब्राह्मणाचा मुलगा व अस्पृश्याची मुलगी यांचे प्रेम पडद्यावर आले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. सरोजिनी नायडू व जवाहरलाल नेहरू यांनीही हा बोलपट पाहिला. तरीही आज तो पाहताना त्याची मर्यादा दिसतेच. कस्तुरी मरते म्हणून प्रश्न सुटतो. जिवंत कस्तुरीला गावात जागा नाही, मेलेल्या कस्तुरीला स्मारक आहे. पाहणाऱ्याला रडायला मिळते. काही बदलण्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. निपाणीच्या परिषदेत माणसे पाण्याचा आणि शाळेचा हक्क मागत होती, ती करुणा मागत नव्हती. हा फरक या बोलपटाला कळला नाही. हे वर्म कथेचेच आहे. ओस्टेन यांनी ती कथा मन लावून सांगितली.

आणि आता ती गोष्ट, जी सांगायची म्हणून मी हा लेख लिहावयास घेतला. ज्या १९३६ साली ओस्टेन यांनी ‘अछूत कन्या’ दिग्दर्शित केला, त्याच १९३६ साली ते हिटलरच्या नाझी पक्षाचे सदस्य झाले.

आदल्याच वर्षी न्यूरेंबर्गचे कायदे झाले होते. ज्यूंचे नागरिकत्व काढून घेण्यात आले होते, ज्यू व जर्मन यांचा विवाह हा गुन्हा ठरला होता. म्हणजे दोन जातींतील लग्न होऊ न शकल्याची शोककथा मालाडला चित्रित करणारा माणूस, अशी लग्ने कायद्याने बंद करणाऱ्या पक्षात नाव नोंदवीत होता. परदेशात राहणाऱ्या जर्मनांवर दडपण असे, नोकरी-पारपत्राच्या अडचणी असत, मायदेशी परतायचे तर वाट मोकळी हवी असे. अशी कारणे देता येतात. ती खरीही असतील. पण त्याच मुंबईत त्याच काळी दुसरेही युरोपीय होते. वॉल्टर कॉफमन हे ज्यू संगीतकार हिटलरच्या भीतीने १९३४ साली मुंबईस आले. आकाशवाणीची जी प्रारंभधून आपण वर्षानुवर्षे पहाटे ऐकत आलो ती त्यांच्या नावावर सांगितली जाते. विली हास हे ज्यू लेखक १९३९ साली आले आणि त्यांनी येथे बोलपटांच्या कथा लिहिल्या. एकाच बंदरात उतरलेली ही माणसे. कोणी करारपत्र घेऊन उतरला, कोणी जीव मुठीत घेऊन.

परमुलखात काम करणाऱ्या दिग्दर्शकाचे नाव काढले की मला तुर्कस्तानातले कुर्द दिग्दर्शक यिल्माझ ग्युने आठवतात. ते १९८१ मध्ये तुरुंगातून निसटले. त्यांनी तुरुंगातून सूचना देऊन करविलेला ‘योल’ १९८२ साली कान येथे सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला आणि १९८४ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते पॅरिसमध्ये वारले. त्यांच्या देशाने त्यांना घालविले, कारण आपल्या माणसांचे दुःख ते आपल्याच देशाला दाखवीत होते. ओस्टेन यांची गोष्ट नेमकी उलटी. दुसऱ्याच्या देशातला अन्याय त्यांना दिसला. स्वतःच्या देशातल्या अन्यायाचा बिल्ला त्यांनी घेतला.

पुढची हकिगत थोडक्यात सांगतो. ‘अछूत कन्या’नंतर ‘जन्मभूमी’, ‘इज्जत’, ‘सावित्री’, ‘जीवन प्रभात’, ‘निर्मला’, ‘वचन’, ‘भाभी’, ‘दुर्गा’ असे बोलपट एकामागून एक आले. ‘इज्जत’मध्ये भिल्ल आणि मराठे यांच्या वैराची पार्श्वभूमी होती, ‘जीवन प्रभात’मध्ये पुन्हा जातीचा प्रश्न होता. १९३९ च्या ‘कंगन’ची नायिका लीला चिटणीस. या मूळच्या धारवाडच्या. धारवाड ते मालाड हा त्यांचा प्रवास त्यांनी आपल्या मराठी आत्मचरित्रात लिहून ठेवला आहे. ‘कंगन’ हा ओस्टेन यांचा अखेरचा हिंदी बोलपट. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून मालाडच्या जर्मनांना इंग्रज सरकारने पकडले. एका आठवड्यात कलागृहातील दिग्दर्शक, छायालेखक, प्रयोगशाळेचा प्रमुख सारेच नाहीसे झाले. मुंबई इलाख्यातील अशा जर्मनांना प्रथम तेव्हाच्या अहमदनगरच्या छावणीत ठेवीत. तीनच वर्षांनी नेहरू व त्यांचे सहकारी त्याच शहरातील किल्ल्यात बंदिवान झाले.

ओस्टेन यांचे वय साठीच्या पुढे होते. म्हणून १९४० साली त्यांना सोडून जर्मनीस जाऊ देण्यात आले. तेथे बव्हेरिया चित्रसंस्थेत त्यांनी नटांची निवड व दप्तर सांभाळण्याचे काम केले. युद्धानंतर ते बव्हेरियातल्या बाड आयब्लिंग या आरोग्यस्नानाच्या गावी एका स्नानगृहाचे व्यवस्थापक झाले. चित्रपट त्यांनी पुन्हा काढला नाही. २ डिसेंबर १९५६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. योगायोग पाहा : त्याच वर्षी, त्यापूर्वी दीडच महिना, नागपूरला बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला होता, आणि ओस्टेन यांच्या मृत्यूनंतर चारच दिवसांनी, ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. ज्या बुद्धाची कथा ओस्टेन यांनी युरोपासाठी चित्रित केली तो बुद्ध येथल्या माणसांनी स्वतःसाठी घेतला.

इतरांचे काय झाले? हिमांशू राय मे १९४० मध्ये, माणसे गमावल्याच्या व कामाच्या ओझ्याखाली, वारले. देविकाराणींनी काही वर्षे संस्था चालविली. १९४५ साली त्यांनी रशियन चित्रकार स्वेतोस्लाव रोरिक यांच्याशी विवाह केला, पुढे त्या बंगळूरजवळच्या तातगुणी मळ्यात राहिल्या आणि १९९४ साली बंगळुरातच निवर्तल्या. पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांनाच मिळाला. विर्शिंग मात्र परत गेले नाहीत. युद्धभर छावण्यांत राहून ते पुन्हा कॅमेऱ्यामागे उभे राहिले. ‘महल’ आणि ‘पाकीजा’ यांतील प्रकाश त्यांचाच. १९६७ साली ते मुंबईत वारले. ‘पाकीजा’ पडद्यावर आला तो १९७२ मध्ये.

डिसेंबर २०१७ मध्ये पणजीच्या कला महोत्सवात विर्शिंग यांनी काढलेल्या छायाचित्रांचे प्रदर्शन होते. बेळगावाहून चोर्ला घाट उतरून मी मुद्दाम गेलो. मालाडच्या आवारातली माणसे, दिवे, रूळ, कॅमेरे. त्या चित्रांपुढे उभा असताना मी त्या वृद्ध दिग्दर्शकाच्या चेहऱ्यात काहीतरी शोधीत होतो. पक्षाच्या सदस्यत्वाची खूण कोठे चेहऱ्यावर दिसते का, हे मी पाहत होतो, असे म्हटले तरी चालेल. तसे काही दिसले नाही. कामात गढलेला एक माणूस, एवढेच.

पुढे आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात मी ‘अछूत कन्या’ दाखविला आणि नंतर हे सारे सांगितले. शेवटच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठली. सर, मग आम्ही हा बोलपट चांगला म्हणायचा की नाही, असे तिने विचारले. मी त्या वेळी कलाकृती वेगळी आणि कलावंत वेगळा, असे नेहमीचे उत्तर दिले. तिचे समाधान झाले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. घरी आल्यावर माझेही झाले नाही.

विद्यार्थी मित्रहो, तिला द्यायचे राहिलेले उत्तर येथे देतो. बोलपट चांगला म्हणावा, आणि माणसाचा हिशेबही मांडावा. ओस्टेन यांनी आपल्या चित्रपटसृष्टीला संयमित अभिनय दिला, प्रकाशाची भाषा दिली, शिस्त दिली, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण कस्तुरीसाठी ज्याचे मन द्रवले तो माणूस पुढेही चांगलेच वागेल, अशी हमी अश्रू देत नाहीत. हे लिहिताना मला ओस्टेन यांच्याकडे बोट दाखविणे सोपे जाते. कारण ते परके, जर्मन, आणि मरून गेलेले.

म्हणून आणखी एक गोष्ट लिहितो. आमच्या घराच्या परड्यात, तुळशीच्या मागच्या कोनाड्यात, कान तुटलेला एक कप पालथा घालून ठेवलेला असे. गल्ली झाडायला येणाऱ्या बाईला आजी त्यातून चहा देई, वरून ओतून. बाईने तो स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. कस्तुरीसाठी आयुष्यभर रडलेली माझी आजी हे करीत होती, आणि तिच्या मांडीवर ते गाणे ऐकत वाढलेला मी ते रोज पाहत होतो. मी तिला एकदाही विचारले नाही. ती गेल्यावर घराची डागडुजी झाली, कोनाडा बुजविला गेला, आणि तो कप कोठे गेला ते कोणाला आठवत नाही. गाणे मात्र मला अजून पाठ आहे.